नखानं साल खरवडून बघा

आधी एक झाड निवडा. घरापासून पायी जाता येईल असं, आणि शक्यतो तुमच्या मालकीचं नसलेलं. आपल्या झाडाकडे माणूस उत्पन्नाच्या नजरेनं पाहतो. धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची बोर, पांदणीतला कडुनिंब, शाळेमागची बाभूळ, काहीही चालेल. देखणं नसलं तर बरंच. पळस घेऊ नका. होळीच्या सुमाराला तो इतका पेटतो की बाकीचे दहा महिने त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, आणि आपल्याला त्या दहा महिन्यांचंच काम आहे.

मी मोर्शी तालुक्यातली. आमची संत्र्याची बाग आहे, थोडी कोरडवाहू पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर आहे, आणि गावातल्या बायांचं भजनी मंडळ मी चालवते. त्यामुळे लोक माझ्याकडे येतात. बहुतेक संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर, चपला शोधता शोधता विषय काढतात. पोलीस भरतीत पुन्हा राहिलेला पोरगा, माहेरी परत आलेली लेक, दारू सोडलेला आणि आता संध्याकाळचं काय करू म्हणणारा माणूस. फिरून फिरून म्हणणं एकच असतं, "काकू, आता आपल्यानं काही होत नाई." पोथीतलं उत्तर मला येत नाही. मी त्यांना एक झाड नेमून देते.

यानं नोकरी लागत नाही आणि सोसायटीचं कर्ज फिटत नाही, हे आधीच सांगते. काम एकच होतं: वाळलेलं, थांबलेलं आणि संपलेलं यांतला फरक कळायला लागतो. लांबून तिन्ही सारखीच दिसतात. थांबलेल्याला आपण संपलेलं समजतो आणि संपलेल्याला वर्षानुवर्षं पाणी घालत बसतो. माझ्यापाशी येणाऱ्या निम्म्या रडण्याचं मूळ एवढंच असतं.

रीत अशी. सूर्य निघायच्या आधी किंवा नुकता निघाल्यावर झाडापाशी जायचं. फोन घरी ठेवायचा, खिशात बंद करून नाही, घरीच. गेल्यावर पहिल्यांदा बुंध्याभोवतीची जागा झाडायची. प्लास्टिकच्या पन्न्या, गुटख्याच्या पुड्या, बाटल्या उचलायच्या. गाडगेबाबा आमच्याच अमरावती जिल्ह्यातले, शेणगावचे. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन, हा त्यांचा क्रम होता. तो क्रम उलटा करून पाहा म्हणजे कळेल त्यात काय आहे. हात आधी कामाला लागले की डोकं आपोआप गप्प होतं. नुसतं डोळे मिटून बसलं की सावकाराचा चेहरा आणि जावेचं बोलणं समोर येतं.

झाडून झालं की उभं राहायचं. एक भजन म्हणून होईल इतकाच वेळ. आमच्याकडे तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचं सकाळचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना गावोगाव चालते, त्यामुळे गप्प बसायची सवय आमच्या लोकांना अगदीच नाही असं नाही. ज्यांना नाही त्यांनी एकदा महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीला, त्यांच्या आश्रमाच्या गावी, जाऊन यावं. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळं मैदान मौन होतं. एवढ्या माणसांना गप्प राहता येतं, तर तुम्हाला बोरीखाली एकट्यानं राहता येईल.

उभं राहून करायचं काय? कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे ते शोधायचं. एकच गोष्ट. मुंगळ्यांची वाट बदलली, एक फांदी मोडली, कोणी शेळीसाठी पाला ओरबाडून नेला, काहीही. देव दिसेल, मन हलकं होईल अशी अपेक्षा ठेवून गेलात तर चौथ्या-पाचव्या दिवशी बंद कराल. फरक शोधायला गेलात तर रोज काहीतरी हाती लागतं. घरी येऊन ते एका ओळीत लिहून ठेवा, तारीख आणि तिथी दोन्ही घालून.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. हिवाळा संपताना एखादी उघडीबोडकी, करंगळीएवढी फांदी धरा आणि नखानं साल थोडीशी खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडं दिसलं आणि वाकवल्यावर ती काटकन मोडली, तर ती गेली. पण एका जागी पाहून निकाल देऊ नका. शेंड्याकडून खाली खाली येत पाहा. बऱ्याच वेळा शेंडा गेलेला असतो आणि वीतभर खाली हिरवं सापडतं. माझी सासू म्हणायची, "झाड मेलं का नाई थे झाडाले इचार, शेजाऱ्याले नको इचारू." शेजारी आमच्या बागेकडे पाहून दर उन्हाळ्यात बाग गेली म्हणतोच.

मग हेच स्वतःवर करायचं. शेंड्यापासून सुरुवात, खाली खाली. भरतीचा पोरगा आला तेव्हा म्हणाला, "काकू, मी संपलो आता." म्हटलं, "संपला तं इथं कोण येऊन उभं राहिलं बाप्पा?" त्याला एकेक विचारत गेले. गणिताचं पुस्तक उघडावंसं वाटतं का? नाही. क्लासला जावंसं वाटतं का? नाही. पहाटे काय करतो? तर म्हणे धावतो. भरती निघालेली नाही, कोणी वेळ लावत नाही, तरी हा अंधारात उठून रस्त्यानं १६०० मीटर धावून येतो. आता सांगा, हे वाळलेलं आहे का? त्यानं पुढं काय करायचं ते तो पाहील. पण त्या दिवसानंतर "मी संपलो" हे वाक्य त्याला तसंच्या तसं म्हणता आलं नाही, एवढं मी पाहिलं आहे.

हिरवं सापडलं म्हणून लगेच खूशही होऊ नका. संत्र्याचं कलम जंबेरी नावाच्या काटेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेलं असतं. कधी कधी वरचं संत्र्याचं लाकूड मरतं आणि खालच्या खुंटातून फुटवे येतात. जोमदार, हिरवेगार, काटेरी. नवखा माणूस म्हणतो, वा, झाड परत आलं! आलं खरं, पण जंबेरी आली. पान चुरगळून वास घेतला की कळतं. म्हणून फुटवा कलमाच्या सांध्याच्या वर आहे की खाली, ते वाकून पाहावं लागतं. दारू सोडून सट्टापट्टीला लागलेला माणूस मी पाहिला आहे. काय उत्साह होता त्याला! रोज आकडे, रोज नवी उमेद. तो फुटवा सांध्याच्या खालचा होता. असा फुटवा मोठा होऊ द्यायचा नाही, दिसला की काढायचा.

ताण हा प्रकार बागेबाहेरच्या लोकांना माहीत नसतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. संत्र्याला बारमाही पाणी दिलं तर झाड पानं काढत राहतं, फुलावर येत नाही. अंबिया बहार, म्हणजे हिवाळा संपतानाचं फूल घ्यायचं तर हिवाळ्यात पाणी तोडावं लागतं. जमीन भारी की हलकी त्याप्रमाणं महिना ते दोन महिने. झाड मलूल होतं, पानांची तकाकी जाते, काही पानं गळतात. त्या दिवसांत बाग पाहवत नाही. पण वाढ थांबते, झाडाची ताकद आत साठते आणि जानेवारीत पाणी सोडलं की फूल फुटतं. फेब्रुवारीत आमच्या शिवारात जो वास सुटतो तो या उपाशी दिवसांचा असतो. मृग बहाराला हाच ताण भर उन्हाळ्यात देतात आणि पाऊस आला की फुलं लागतात.

यातून लोक "दुःख चांगलं असतं" असं काहीतरी काढतात. ते खोटं आहे. ताण मोजून द्यावा लागतो. जास्त झाला की झाड वाळतं, आणि रोगट, कमजोर झाडाला जाणता बागाईतदार ताण देतच नाही. त्याला खतपाणी देऊन त्या वर्षीचा बहार सोडतो. घरात कोणी आजारपणातून उठत असेल, बाळंतपण झालेलं असेल, नुकतं माणूस गेलं असेल, तर त्या वर्षीच्या बहाराचा हिशेब मागू नका. स्वतःलाही मागू नका.

आणि ताण तोडायची एक रीत आहे. पहिल्या दिवशी दांडभर पाणी सोडत नाहीत. आधी हलकं पाणी देतात, त्याला आंबवणी म्हणतात. मग काही दिवसांनी भरपूर देतात, ती चिंबवणी. रिकाम्या दिवसांनंतर कामाला लागणाऱ्या माणसाची गाडी नेमकी इथं अडकते. महिनोन्महिने पडून राहिलेला माणूस एका सोमवारी ठरवतो की उद्यापासून पाचला उठणार, व्यायाम करणार, तंबाखू सोडणार, भावाशी बोलणार, दुकान टाकणार. गुरुवारी सगळं बंद. त्याला मी आंबवणी सांगते. पहिला आठवडा फक्त झाडापाशी जा. दुसरं काही करायचं नाही, करावंसं वाटलं तरी.

बहार तुटला की, म्हणजे फळं उतरवून झाली की, बागेत सल काढायचं काम असतं. वाळलेल्या काड्या आणि फांद्या काढून टाकायच्या. यात नवा मजूर फक्त वाळका भाग कापतो. जुना माणूस वाळक्याबरोबर बोटाच्या पेराएवढा हिरवा भागही घेतो, कारण रोग तिथपर्यंत सरकलेला असतो, फक्त दिसत नाही. मोठ्या कापावर बोर्डो मलम, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप लावतो. दारू सोडायची म्हणजे फक्त बाटली सोडायची असं ज्याला वाटतं त्याला मी हे दाखवते. बाटलीबरोबर थोडं हिरवंही जाणार: ती पानटपरी, तो मित्र, तो सहा वाजताचा रस्ता. मित्र चांगला असतो, वाईट वाटतं, पण पेरभर घ्यावंच लागतं. आणि कापलेल्या जागेवर काही तरी लावावं लागतं. सहा वाजता प्रार्थनेला येऊन बसणं हे बऱ्याच जणांच्या बाबतीत मलमाचंच काम करतं. भक्तीबिक्ती नंतर येते, आली तर.

उन्हाळ्यात काळ्या जमिनीकडे पाहा. आपली कपाशीची जमीन वाळली की भेगाळते. पऱ्हाटीची काडी घाला, हातभर आत जाते. हात घालू नका, विंचू असतो. या भेगांत वरची भुसभुशीत माती पडते, कुटार पडतं, पालापाचोळा पडतो. पाऊस आला की चिकणमाती फुगते, भेग मिटते, आणि या फुगण्या-आकसण्यात वरची माती खाली, खालची वर होत राहते. शास्त्र शिकलेले लोक हिला स्वतःच नांगरली जाणारी जमीन म्हणतात. मृगाचं पहिलं पाणी याच भेगांतून थेट खोल उतरतं. भेगा लिंपायला जाणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. माहेरी परत आलेल्या लेकीला मात्र पहिल्या दिवसापासून सगळा मोहल्ला लिंपायला धावतो: आता पुढं काय, शिलाई मशीन घे, अंगणवाडीची जागा निघाली आहे. बाप्पा, थांबा जरा! तिला उन्हाळा काढू द्या.

कडुनिंबाचं थोडक्यात. चैत्रात, विहिरी खाली गेलेल्या असताना, पारा चाळिशीच्या वर असताना आणि पावसाला अजून दोन-अडीच महिने असताना त्याला तांबूस पालवी फुटते. परिस्थिती सुधारली की सुरू करू म्हणणाऱ्यांनी त्या पंधरवड्यात कडुनिंबाखाली उभं राहावं.

पण मृगाचं पाणी पडलं म्हणून लगेच तिफण जोडू नये, हेही तितकंच खरं. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ दर वर्षी कानीकपाळी ओरडतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तरी दोन सरी आल्या, शेजाऱ्यानं पेरलं, की आपल्याला राहवत नाही. बी उगवतं, पाऊस दडी मारतो, कोंब करपतात, आणि मग दुबार पेरणी. बियाण्याचे पैसे पुन्हा, मजुरी पुन्हा. दुसरी संधी मिळते, फुकट मिळत नाही. म्हणून वावरात जाऊन माती उकरून ओल किती खोल गेली ते हातानं पाहायचं. कीर्तनात रडू आलं, एखादं भाषण ऐकून अंगावर काटा आला, ती वरची ओल. तिच्यावर शपथा घेऊ नयेत. आठ दिवसांनी उकरून पाहा, खाली ओल आहे का.

आणि दर वेळी सगळं वावर मोडायचंही कारण नसतं. पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी तासांतून फिरायचं आणि जिथं उगवलं नाही तिथं नांग्या भरायच्या, म्हणजे त्या रिकाम्या जागी पुन्हा लावायचं. उशीर केला तर नंतर लावलेलं रोप मोठ्या रोपांच्या सावलीत दबून जातं, म्हणून हे लवकर करायचं काम आहे. संसाराचंही पुष्कळदा तेवढंच बिघडलेलं असतं: तासातली चार-दोन ठिकाणं. बोलणं बंद झालेल्या भावाला पोळ्याला बोलावणं ही एक नांगी. खांदमळणीच्या दिवशी आपण बैलाला म्हणतोच ना, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." भावालाही तेवढंच म्हणायचं असतं. जास्त बोलायला गेलं की जुना धुऱ्याचा वाद निघतो.

पावसाळ्यात सुगरणीचे खोपे पाहायला विहिरीवर वाकलेली बाभूळ गाठा. खोपा बांधतो तो नर. अर्धा बांधून झाला की मादी येते, आत-बाहेर करून तपासते आणि पसंत नसेल तर उडून जाते. नर तो तसाच सोडतो आणि त्याच झाडावर दुसरा धरतो. नापसंत झालेले अर्धवट खोपे तिथंच लोंबत राहतात, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतात. "लोक काय म्हणतील" या आजारावर यापेक्षा बरं औषध मला सापडलं नाही. लग्न मोडलेल्या एका पोरीला मी ते झाड दाखवलं, तर ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "काकू, मादीचंबी बरोबर हाय ना, पसंत नाई तं नाई." मी या बाजूनं विचारच केला नव्हता. तुमचं झाड तुम्हाला माझ्यापेक्षा वेगळं काही सांगेल, ते लिहून ठेवा.

एक संधी मात्र घ्यायची नसते. कपाशीची शेवटची वेचणी झाली की कोणाकोणाला फरदडीचा मोह होतो. पऱ्हाटी उपटायची नाही, पाणी द्यायचं, पुन्हा पात्या-बोंडं धरतात, आणखी दोन-चार क्विंटल होईल. दिसायला ही दुसरी संधीच आहे, आणि जवळजवळ फुकट. पण त्या उशिराच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी जगत राहते आणि पुढच्या हंगामात अख्ख्या शिवारात पसरते. २०१७ साली विदर्भात बोंडअळीनं काय केलं ते ज्यांनी बोंड फोडून पाहिलं त्यांना सांगायला नको. कृषी विभाग डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढून टाका म्हणतो तो उगाच नाही. मारणारा नवरा महिन्यानं गोड बोलत न्यायला येतो, बुडवणारा भागीदार पुन्हा एकदा धंदा करू म्हणतो, तेव्हा ती फरदड आहे का एवढं आधी तपासा. उपटलेल्या पऱ्हाट्या चुलीला लागतात, वावर मोकळं होतं. उपटणं हेही नव्यानं सुरू करणंच आहे, आणि ते करणाऱ्याला आपल्याकडे कोणी शाबासकी देत नाही, म्हणून मी देते.

काही काळजी घ्यायची ती घ्या. पावसाळ्यात पायांत बूट आणि हातात काठी हवी. घोणस, मण्यार धुऱ्यावरच असतात. ढग गडगडत असतील तर झाडाखाली अजिबात उभं राहू नका, त्या दिवशी सुट्टी. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत घरी. रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं पहाटे वावरांतून परततात, त्यांची वाट अडवू नका.

आणि झाडापाशी उभं राहूनही मनात मरणाचे विचार येत असतील, झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर हे झाडाचं काम नाही. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. घरात कोणी तसं दिसलं तर फवारणीचं औषध कुलपात ठेवा आणि त्याला एकटं सोडू नका. बागेत डिंक्या रोग दिसला तर आपण आरती करत नाही, जाणकाराला बोलावतो.

सुरुवात कधी करायची, असं विचारतात. पाडव्यापासून, एकादशीपासून, पोराची परीक्षा झाल्यावर. उद्यापासून करा. मध्ये खाडा पडला तर वहीत त्या दिवसांची जागा कोरी सोडा, मागून भरू नका. वर्ष झालं की त्याच तिथीचं पान उघडून गेल्या वर्षीच्या ओळीखाली या वर्षीची ओळ लिहायची. वही शंभर पानांचीच घ्या. दोनशे पानी घेतली की लोक निबंध लिहायला लागतात आणि झाडाकडे पाहायचं राहून जातं.